हल्क हिरवा का झाला?

हल्क हिरवा असतो हे आज बालवाडीतलं पोरही सांगेल. पण १९६२ साली अमेरिकेतल्या दुकानांत त्याचा पहिला अंक आला तेव्हा तो राखाडी होता. हा राक्षस अमुक एका वंशाचा आहे असं रंगावरून वाटू नये, अशी लेखक-संपादक स्टॅन लीची इच्छा होती. राखाडी त्याला पसंत पडला. अडचण आली ती छपाईत. त्या काळी कॉमिक अगदी स्वस्तातल्या, वर्तमानपत्रासारख्या कागदावर छापलं जायचं. पिवळी, लाल, निळी आणि काळी अशा चार शाया, आणि त्यातल्या पहिल्या तिघींच्या बारीक ठिपक्यांतून बाकीचे सगळे रंग. भिंग लावून जुनं पान पाहिलं तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ते सुटे सुटे दिसतात. राखाडी साधायचा तर तिन्ही शायांचा तोल सांभाळावा लागतो. तो जरा ढळला की एका चौकटीत हल्क फिकट, पुढच्या चौकटीत काळपट, आणखी कुठे हिरवट. शेवटी दुसऱ्या अंकापासून त्याला सरळ हिरवा करून टाकलं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हल्कसारखे हे कॉमिकमधले नायक कुणा प्रतिभावंताला एका रात्रीत सुचले अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात स्वस्त कागद, वितरकाची अट, सेन्सॉरचा शिक्का आणि डोक्यावर बसलेली मुदत, या सगळ्यांतून वाट काढता काढता ते घडत गेले. आणि ही वाट काढण्यात ज्यांच्या हातात पेन्सिल होती, त्यांचं नाव सगळ्यांत मागे राहिलं.

आधी एका नजरेत पाहू की १९६१ ते १९६४ या चार वर्षांत काय काय आलं. फॅन्टॅस्टिक फोर १९६१. हल्क, स्पायडरमॅन, थॉर १९६२. आयर्न मॅन, डॉक्टर स्ट्रेंज, एक्स-मेन, अ‍ॅव्हेंजर्स १९६३. डेअरडेव्हिल १९६४. हे सगळं न्यूयॉर्कमधल्या मार्व्हल या एकाच लहानशा प्रकाशनसंस्थेतून, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांकडून. तारखांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कॉमिकवर छापलेला महिना हा अंक बाजारात आल्याचा महिना नसतो. विक्रेत्यानं अंक कधीपर्यंत मांडून ठेवावा, याची ती खूण असायची. त्यामुळे तारीख दोन-तीन महिने पुढची टाकत. फॅन्टॅस्टिक फोरच्या पहिल्या अंकावर नोव्हेंबर १९६१ आहे, पण तो दुकानात आला ऑगस्टमध्ये. जुन्या कॉमिक्सबद्दल दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या तर बहुतेक वेळा गोंधळ इथलाच असतो.

आता मागे, १९५४ सालात जाऊ. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत सुपरहिरोंची लाट ओसरली आणि गुन्हेगारी व भयकथांची कॉमिक्स जोरात चालू लागली. मुलं बिघडतात म्हणून ओरड सुरू झाली. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं त्यावर पुस्तकच लिहिलं, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. सरकारी बंदी येण्याआधी प्रकाशकांनी एकत्र येऊन आपणच आपल्यावर नियम घालून घेतले. त्याला कॉमिक्स कोड म्हणतात. मुखपृष्ठावरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटासारखा छोटा शिक्का असे. तो नसलेला अंक बरेच वितरक उचलतच नसत. नियम कसे होते पाहा: मासिकाच्या नावात भय सुचवणारे ठरावीक शब्द नकोत, व्हॅम्पायर नकोत, झोंबी नकोत, पोलीस आणि न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको, आणि प्रत्येक गोष्टीत चांगल्याचाच विजय व्हायला हवा.

हा कोड वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांना लागू नव्हता, फक्त स्वतंत्र विकल्या जाणाऱ्या कॉमिक पुस्तकांना होता. हा फरक आपल्याकडे सहज लक्षात येत नाही, कारण १९६४ साली मुंबईहून टाइम्स समूहानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि त्यातला वेताळ आपल्याला पुस्तकातच भेटला. मुळात मात्र तो ली फॉकचा फँटम, १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींत येणारा. म्हणजे इंद्रजाल साठच्या दशकातलं असलं तरी वेताळ त्या दशकाचं अपत्य नव्हे.

कोडनं भयकथा आणि गुन्हेगारी कथांची दारं बंद केल्यावर प्रकाशकांकडे उरलं काय? प्रेमकथा, काउबॉय, प्राणी, विनोद, परग्रहावरचे राक्षस. आणि सुपरहिरो, ज्यांच्या गोष्टीत चांगल्याचा विजय आधीपासूनच ठरलेला. सुपरमॅन आणि बॅटमॅनच्या प्रकाशकांनी, म्हणजे आज ज्यांना आपण डीसी म्हणतो त्यांनी, १९५६ साली फ्लॅश हा जुना नायक नव्या रूपात आणला. तो चालला. १९६० साली त्यांनी आपले नायक एकत्र करून जस्टिस लीगची टोळी काढली. तीही चालली. शेजारच्या दुकानात गर्दी दिसली की आपणही तोच माल ठेवावा, या जुन्या व्यापारी नियमानं मार्व्हलच्या मार्टिन गुडमन या प्रकाशकानं आपल्या संपादकाला, म्हणजे स्टॅन लीला, तशीच एक टोळी काढायला सांगितलं. निदान ली तरी हा प्रसंग असाच सांगायचा. त्यातून फॅन्टॅस्टिक फोर आलं.

पण गुडमनच्या पायात एक बेडी होती, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट तीच आहे. १९५७ साली त्याचा वितरक बुडाला. नवा वितरक मिळाला तो नेमका प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे डीसीच्या मालकीचा. त्यानं अट घातली: महिन्याला साधारण आठच अंक उचलू. शेजाऱ्याच्याच टेम्पोतून आपला माल बाजारात न्यायचा आणि किती पोती भरायची हेही त्यानंच ठरवायचं, असा हा प्रकार. बरेचसे अंक दोन महिन्यांतून एकदा काढून गुडमननं कशीबशी जास्त नावं चालू ठेवली.

याचे परिणाम पाहा. नवा नायक सुचला तर त्याच्यासाठी नवं मासिक काढता येत नाही, कारण जागाच नाही. मग त्याला आधीच चालू असलेल्या राक्षसकथांच्या मासिकात घुसवायचं. म्हणून थॉरचा जन्म 'जर्नी इंटू मिस्टरी'च्या ८३व्या अंकात, आयर्न मॅनचा 'टेल्स ऑफ सस्पेन्स'च्या ३९व्या अंकात, डॉक्टर स्ट्रेंजचा 'स्ट्रेंज टेल्स'च्या ११०व्या अंकात झाला. पहिल्याच गोष्टीवर ८३ आकडा का, असा प्रश्न नव्या वाचकाला पडतो. त्याचं उत्तर हे. हल्कचं स्वतःचं मासिक सहाच अंकांत बंद पडलं आणि पुढे तो दुसऱ्याच्या मासिकात अर्धी पानं वाटून घेऊन राहिला. कॅप्टन अमेरिका आणि आयर्न मॅन बरीच वर्षं एकाच अंकात, अर्धा अंक याचा, अर्धा त्याचा. चाळीतल्या एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहावीत तसे. १९६८ साली ती अडचण सुटली आणि मग प्रत्येकाला आपापलं मासिक मिळालं.

इतक्या कमी जागेत इतके नायक राहू लागले की त्यांच्या भेटी होणारच. लीनं ही गोष्ट हेरली. सगळे एकाच शहरात राहतात, आणि तेही काल्पनिक शहरात नव्हे, खऱ्या न्यूयॉर्कमध्ये. स्पायडरमॅन क्वीन्सच्या फॉरेस्ट हिल्सचा, डॉक्टर स्ट्रेंज ग्रीनिच व्हिलेजचा, डेअरडेव्हिल हेल्स किचनचा. याच्या मारामारीत पडलेली भिंत त्याच्या अंकातही पडलेली असायची. मासिकं मोजकीच असल्यामुळे सगळा हिशेब एका संपादकाच्या डोक्यात मावत होता. आज सिनेमावाले ज्याला विश्व म्हणतात त्याची पायाभरणी अशी झाली. सगळं डोक्यात मावायचं असं म्हटलं, तरी चुका व्हायच्याच. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या पहिल्याच अंकात खुद्द नायकाचं, म्हणजे पीटर पार्करचं आडनाव एके ठिकाणी पामर छापलं गेलंय. पीटर पार्कर, ब्रूस बॅनर (म्हणजे हल्क), फॅन्टॅस्टिक फोरमधला रीड रिचर्ड्स अशी एकाच अक्षराची जोडनावं ली मुद्दाम ठेवायचा, अर्धं नाव आठवलं की उरलेलं सापडावं म्हणून. तरीही फॅन्टॅस्टिक फोरच्या २५व्या अंकात ब्रूसचा बॉब झाला. वाचकांनी पत्रं पाठवून ही चूक पकडली, तेव्हा त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचं जाहीर करावं लागलं.

आता कामाच्या पद्धतीकडे येऊ. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

इतर ठिकाणी, उदाहरणार्थ डीसीत, लेखक आधी पूर्ण संहिता टाइप करायचा: पान पहिलं, चौकट पहिली, चित्रात काय, फुग्यात काय. चित्रकार त्याबरहुकूम काढायचा. गुडमनच्या ऑफिसात हे शक्यच नव्हतं. लेखन आणि संपादन मिळून बहुतेक मासिकांचा भार एकट्या लीवर होता आणि चित्रकार कामासाठी खोळंबलेले. त्यातून वेगळी पद्धत रुजली, तिला आज मार्व्हल पद्धत म्हणतात. ली चित्रकाराला कथासूत्र द्यायचा; कधी कागदावर पानभर, कधी नुसतं बोलून, कधी एखाद्या वाक्यात. चित्रकार घरी जाऊन वीसेक पानं काढायचा. कुठल्या पानावर काय घडेल, कोण कुठून येईल, मारामारी किती चालेल, दुःखाला किती जागा द्यायची, सगळं तोच ठरवायचा. समासात टिपणं लिहायचा: इथे हा असं म्हणतोय, इथे हा घाबरलाय. पानं ऑफिसात परतली की ली फुग्यांतले संवाद भरायचा. मग अक्षरं, मग शाई, मग रंग.

आता सांगा, याला लेखक कोण म्हणायचं?

फॅन्टॅस्टिक फोरचा चित्रकार जॅक कर्बी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या आपल्या घरात, तळघरातल्या छोट्या खोलीत बसून काढायचा. १९६६ साली फॅन्टॅस्टिक फोरच्या ४८व्या अंकात ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो. पानं लीच्या टेबलावर आली तेव्हा त्यांत एक असं पात्र होतं की ज्याबद्दल दोघांचं काहीच बोलणं झालेलं नव्हतं. अंगभर चांदीसारखा चकचकीत, लाटांवर घसरायच्या फळीवर उभा राहून ताऱ्यांतून येणारा एकटा माणूस. हा कोण, असं लीनं विचारलं. कर्बीचं म्हणणं असं की एवढ्या अफाट शक्तीच्या देवासारख्या प्राण्याचा कुणी भालदार-चोपदार असायलाच हवा. आणि फळीच का? तर अंतराळयानं काढून काढून त्याला कंटाळा आला होता. हा सिल्व्हर सर्फर. लीला तो इतका आवडला की त्यानं त्याच्या तोंडी गंभीर, तत्त्वचिंतकाला शोभेल अशी भाषा घातली, आणि ती भाषाही त्या पात्राचा प्राणच झाली, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. पण १९६८ साली सर्फरचं स्वतंत्र मासिक निघालं तेव्हा ते कर्बीला न देता जॉन ब्युसेमाला दिलं गेलं, आणि सर्फरचा पूर्वेतिहासही कर्बीच्या मनात होता त्याहून वेगळा लिहिला गेला. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

स्पायडरमॅनचं तसंच. ऑगस्ट १९६२ ची तारीख असलेला 'अमेझिंग फँटसी'चा १५वा अंक, त्यातली ११ पानांची गोष्ट. ते मासिक बंद करायचं ठरलंच होतं, त्यामुळे हा अंक त्याचा शेवटचा. कोळी म्हटलं की लोकांना किळस येते आणि किशोरवयीन मुलगा हा नायकाचा मदतनीस शोभतो, खुद्द नायक नव्हे, म्हणून गुडमन नाखूश होता असं ली सांगायचा. शेवटच्या अंकात काय छापलंय याची कुणी फारशी फिकीर करत नाही, म्हणून तो खपून गेला. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते, ही त्यातली ओळ पीटरच्या बेनकाकांच्या तोंडी आहे असं सगळे समजतात. मूळ गोष्टीत काका ती म्हणतच नाहीत. ती शेवटच्या चौकटीत, पाठमोरा पीटर अंधाऱ्या रस्त्यानं चालत जात असताना, निवेदनात येते.

चित्रं स्टीव्ह डिटकोची. आधी कर्बीनं काही पानं काढून पाहिली होती, पण त्याचा हात भरदार, पिळदार देहांचा. लीला हवा होता काडीपैलवान. डिटकोनं त्याला सडपातळ केलं, हातापायांचे सांधे कोळ्यासारखे वाकवले आणि पूर्ण चेहरा झाकून टाकला. त्या काळी बहुतेक नायकांचा निम्मा चेहरा तरी दिसायचा. चेहरा झाकल्यामुळे त्या पोशाखात आत कुणीही असू शकतं. वाचणारा पोरगा स्वतःलाच तिथे पाहू शकतो.

पीटरला पैशाची चणचण असते, मेकाकूचं औषधपाणी असतं, शाळेत टिंगल होते. शत्रूशी झुंजायचं त्या दिवशी त्याला सर्दी झालेली असू शकते. सुपरमॅनला असं काही व्हायचं नाही. फॅन्टॅस्टिक फोरमधला बेन ग्रिम शक्तिमान झाला, पण दगडी अंगात कायमचा अडकला. आयर्न मॅनच्या छातीत हृदयाजवळ स्फोटाचे तुकडे. डेअरडेव्हिल आंधळा. शक्ती मिळते ती काहीतरी हिरावून घेऊनच मिळते.

डिटकोचं थोरपण एकाच ठिकाणी बघायचं तर 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ३३वा अंक उघडावा, फेब्रुवारी १९६६ चा. पीटर एका अजस्र यंत्राखाली दबलाय. वरून पाणी गळतंय. काकूचा जीव वाचवणारं औषध हाताच्या थोडं पलीकडे पडलंय. पुढची पानं डिटको काय करतो? फारसं काहीच घडू देत नाही. चौकटी लहान, दाटीवाटीच्या. माणूस कोपऱ्यात चेंगरलेला. एक गुडघा टेकतो. मग खांदा. पुन्हा खाली. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात, आणि मग पान उलटलं की अख्ख्या पानाची एकच चौकट: यंत्र वर, तो खाली उभा. त्याची सुटका आपल्या डोळ्यांना पानाच्या मांडणीतूनच जाणवते, फुगे न वाचताही. तोवर डिटको आणि ली यांचं आपसात बोलणंच थांबलं होतं. गोष्ट डिटकोच रचत होता. २५व्या अंकापासून कथासूत्राचं श्रेय त्याच्या नावावर छापलं जाऊ लागलं. ३८ अंक पूर्ण करून तो निघून गेला.

त्या काळाची छाप या गोष्टींवर जागोजागी आहे. शक्ती कशी आली, याचं उत्तर बहुतेक वेळा अणू: हल्कवर गॅमा किरण, पीटरला किरणोत्सर्गी कोळी, डेअरडेव्हिलच्या डोळ्यांत किरणोत्सर्गी द्रव. आयर्न मॅन व्हिएतनाममध्ये घडतो आणि सुरुवातीचे त्याचे शत्रू म्हणजे ओळीनं कम्युनिस्ट; आज ते भाग फार बटबटीत वाटतात. एक्स-मेनना शक्ती जन्मजातच आहे, कारण प्रत्येकासाठी नवा अपघात शोधायचा लीला कंटाळा आला होता. याच सोयीतून पुढे जन्मामुळे वाळीत पडणाऱ्यांची गोष्ट उभी राहिली.

बायकांना मात्र या जगात दुय्यम जागा होती. प्रत्येक टोळीत एखादीच, आणि तिची शक्ती बहुतेकदा अदृश्य होण्याची नाहीतर लहान होण्याची. फॅन्टॅस्टिक फोरमधल्या सू स्टॉर्मला काढून टाका अशी पत्रं काही वाचकांनी लिहिली, तेव्हा त्या मासिकाच्या ११व्या अंकात तिची बाजू मांडायला रीड लिंकनच्या आईचा दाखला देतो. तिच्यासाठी असा दाखला द्यावा लागला, यातच सगळं आलं. याउलट जुलै १९६६ च्या तारखेचा ब्लॅक पँथर काळाच्या पुढे होता. वकांडाचा राजा टी'चाला हा आफ्रिकी नायक विज्ञानात कुणालाही न हार जाणारा, आणि पहिल्याच अंकात फॅन्टॅस्टिक फोरच्या चौघांनाही भारी पडणारा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीवरून हे नाव घेतलं असं अनेकांना वाटतं. पण ओकलंडमध्ये ती पार्टी स्थापन झाली त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, अंक बाजारात आल्यानंतर.

श्रेयाचा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. चित्रकारांना दर पानाला मजुरी मिळायची. पात्रांची मालकी कंपनीची. कर्बी १९७० साली मार्व्हल सोडून डीसीत गेला. स्वतः काढलेली मूळ पानं परत मिळवायलासुद्धा त्याला अनेक वर्षं भांडावं लागलं, आणि १९८७ मध्ये त्यातली काहीच हाती आली. १९९४ साली तो गेला. त्याच्या वारसांनी हक्कांसाठी दिलेला लढा २०१४ मध्ये, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना, तडजोडीनं मिटला. आता कर्बीचं नाव निर्माता म्हणून लीच्या शेजारी येतं.

आणि डिटकोची ती पहिली पानं? 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकाची २४ मूळ पानं २००८ साली कुणीतरी नाव न सांगता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. याच अंकाची एक छापील प्रत २०२१ मध्ये लिलावात ३६ लाख डॉलरला गेली. मूळ चित्रांची किंमत त्याहून किती झाली असती याचा अंदाजच करवत नाही. त्या पानांवर खोडलेल्या रेषा दिसतात, पांढऱ्या रंगानं झाकलेल्या चुका दिसतात. एका पानाच्या समासात लीनं पेन्सिलीनं डिटकोला सूचना लिहिली आहे: गाडी छपराची कर, हात बाहेर लोंबकळताना नकोत, बेफाम गाडी चालवतायत असं वाटता कामा नये.